मशीन पळतंय

चालक: हा दगड सरकत्या पट्ट्यावरूनच आला, वहिनी. बोगद्यातून दगडच येणार. मोती कुठून यायचे?

वहिनी: चेष्टा नको, भावोजी. कालपर्यंत पट्ट्यावर पातळ, धारदार पापुद्रे येत होते. हे बघा. नुसतं ढेकूळ. बोटाने दाबलं की भुगा.

चालक: म्हणूनच तर सकाळपासून खोदाईचं मशीन पळत होतं! त्या काळ्या कातळाने नाकी नऊ आणले होते. चाकावरचे कटर झिजून गुळगुळीत झाले, तरी तो हलायला तयार नाही. आज जोर निम्मा केला तरी सुसाट. साहेबांनी स्वतः फोन करून पाठ थोपटली.

वहिनी: जोर कमी, वेग जास्त, आणि मला कळवलं नाही?

चालक: चांगली बातमी होती. चांगल्या बातमीला भूगर्भतज्ज्ञ कोण बोलावतं?

वहिनी: अहो, मशीन पळालं म्हणजे खडक चांगला असं नसतं. पुढे सगळा चिरडलेला खडक आहे. तो स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. मशीनच्या तोंडावरच्या चाकाने दाबून धरलाय म्हणून उभा आहे.

चालक: चाक... चाक हातभर मागे घेतलंय.

वहिनी: का?

चालक: कटर बदलायला. माणसं चाकाच्या पोटात गेलीत.

वहिनी: कुणाच्या परवानगीने?

चालक: तुमच्याच. सकाळी म्हणालात, खडक भक्कम आहे, जाऊ द्या.

वहिनी: कालचा दगड बघून म्हणाले मी! आत कोण आहे?

चालक: दादा. आणि त्याचे दोघं.

वहिनी: लावा तो वॉकीटॉकी. त्याला लगेच बाहेर बोलवा.

चालक: दादा, ऐकतोयस का? वहिनी बाहेर ये म्हणतायत. लगेच.

दादा: शेवटचा कटर राहिलाय रे. बोल्ट ढिले केलेत. अर्धवट टाकून कसा येऊ?

वहिनी: समोरून माती गळतेय का?

दादा: थोडीशी. उंदराने उकरल्यासारखी. पाणीही पाझरतंय.

वहिनी: स्वच्छ की गढूळ?

दादा: मघाशी स्वच्छ होतं.

वहिनी: आत्ताचं विचारतेय मी.

दादा: गढूळ.

वहिनी: निघा. तिघंही.

दादा: सकाळी भक्कम म्हणालीस, आता निघा म्हणतेस. हे बायको सांगतेय की तज्ज्ञ?

वहिनी: तज्ज्ञ सकाळी चुकली. आता कुणीही सांगू दे, तू बाहेर ये!

दादा: आणि मशीन अडकलं तर? अशा जागी जास्त थांबलं की डोंगर गळा आवळतो, हे तूच सांगतेस ना सगळ्यांना?

चालक: आवळू दे! हाताने खोदून सोडवू. दादा, पाया पडतो, हट्ट सोड.

दादा: साहेब तुला नोकरीवरून काढतील.

चालक: खड्ड्यात गेली नोकरी!

दादा: बरं, बरं. ए, हत्यारं राहू द्या रे. चला. तू हो पुढे. आता तू.

वहिनी: आणि तू?

दादा: माझी माणसं आधी. आलोच मी.

(चालकाच्या खोलीची जमीन हादरते. पट्ट्याच्या बाजूने धुळीचा लोट येतो.)

चालक: दादा! दादा, बोल ना!

वहिनी: ओरडू नका. गप्प बसा जरा, ऐकू द्या.

चालक: काही नाहीये, वहिनी. नुसती खरखर.

वहिनी: खोकतंय कुणीतरी. ऐका.

दादा: आहे... आहे मी. तिघंही चाकामागच्या दाराबाहेर आहोत. आत गच्च भरलंय सगळं. उभं राहायलाही जागा उरली नाही.

चालक: लागलं का रे?

दादा: गुडघा सोलवटलाय. ती कुठेय? अगं, ऐकतेस ना? रागावलीस?

वहिनी: नाही.

दादा: मग बोल की काहीतरी.

वहिनी: तूच बोल. काहीही बोल, पण थांबू नकोस.