भट्टीचा राजा मरतो

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी मी ताईचा मोबाईल फोडणारच होतो. ताई जादूच्या, राक्षसांच्या कादंबऱ्या लिहिते आणि स्वतःच छापते. नव्या पुस्तकासाठी लोकांकडून आधीच पैसे जमवायचे, म्हणून तिचा व्हिडिओ चालला होता आणि मोबाईल मी धरला होता. पोलाद कारखान्यात भट्टीवर कामाला असलेला आमचा दादा शिफ्ट संपवून कुरुदला घरी येताना अपघातात गेला, त्याला महिनाही झाला नव्हता. आणि ताई कॅमेऱ्यात बघून सांगते, "यातला भट्टीचा राजा मी माझ्या भावावरून लिहिलाय. शेवटी तो मरतो."

मी मोबाईल भिंतीवर मारायला उगारला. "पुस्तकातही मारलं त्याले? कावून?"

"फोन दे, बाबू. उद्या पैसे जमवायचं पेज सुरू होऊन राहिलं."

"आधी जित्ता कर त्याले."

"लोक मानणार नाहीत रे."

"तुह्या पुस्तकात म्हशी उडतेत, ते मानतेत. अन् माणूस ड्यूटीवरून घरी आला, हे नाही मानत?"

ताईनं डोळे पुसले. मग तिनं लॅपटॉप ओढला.

"कोणत्या शिफ्टमधून आणू?"

"फर्स्ट," मी म्हणालो. "दुपारी जेवायले घरी पायजे तो."