शेवटचे दोनशे फोटो

हॉस्पिटलसमोरच्या बसथांब्यावर एका ट्रक ड्रायव्हरने रक्ताचा रिपोर्ट खिशात ठेवला आणि घरी फोन केला, “सगळं ठीक आलंय.” शेजारी त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या एक बाई आणि त्यांची कॉलेजातली भाची बसल्या होत्या.

“आत्या, तोंड पाडून का बसलीस?”

“तू रक्तपेशींचे फोटो द्यायचीस ना मला, ‘ठीक’ की ‘वाईट’ अशा खुणा करायला?”

“हो, पार्टटाइमचं काम. तुझ्यामुळे पटापट उरकायचं.”

“त्या खुणांवर शिकलेलं मशीन आमच्याच लॅबमध्ये आलंय. तुझ्याच कंपनीचं. सोमवारपासून रक्ताच्या काचपट्ट्या तेच बघतंय.”

“अगं, मग मिरव की.”

“तू एकदा घाई लावलीस, आठवतं? शेवटचे दोनशे मी न बघताच ‘ठीक’ म्हणून सोडले.”

“त्यात काय एवढं?”

“नंतर उघडून बघितले, तर त्यात वाईट पेशी होत्या, क्वचित दिसणाऱ्या. आज एका काचपट्टीवर तसल्याच दिसल्या, आणि मशीन म्हणालं, ठीक.”

“हजारो लोकांनी शिकवलंय त्याला. तुझ्या दोनशेंनी काय होतंय?”

“तसल्या पेशी दुसऱ्या कुणाला दिल्याच नसतील तर?”

“मग साहेबांना सांग.”

“काय सांगू? भाचीच्या नावावर मी काम करत होते म्हणून?”

“माझी नोकरी जाईल, आत्या.”

“म्हणून तर इथे बसलेय.”

“बस आली. ऊठ.”

ड्रायव्हर आधी उठला, पण बसकडे गेला नाही. खिशातला कागद काढून तो बाईंसमोर उभा राहिला.

“ताई, माझी काचपट्टी अजून आत असेल का?”