रसवांगीतली झुकिनी

तिरुवैयारूच्या बसमध्ये पुढच्या सीटवरच्या दोघी बहिणी मराठीत बोलायला लागल्या, तसं सूर्यनारायणांनी कानातलं गाणं बंद केलं. या तमिळ बोलणाऱ्या बसमध्ये घरची भाषा रोज थोडीच कानावर पडते!

"वासुकी, रसवांगीत झुकिनी? पोंगलच्या दिवसांत, बाजारभर कोवळी वांगी असताना?"

"हो अक्का. सुपरमार्केटातनं मुद्दाम आणली."

"आणि सासूबाईंना वाढलीस? सासरे गेल्यापासून त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. धड दोन घास खात नाहीत, त्यांना?"

"वाढली. एक घास घेतला नि ताट बाजूला सारलं. म्हणाल्या, ही कुठली काकडीची चुलतबहीण घातलीस वांग्याच्या जागी?"

"अय्यो!"

"मग उठल्या. पदर खोचला. स्वतः धने-खोबरं भाजून वाटलं, चिंचेचा कोळ वाढवला. सगळा वेळ मला बोलत होत्या."

"बोलणारच गो! इतकी वर्षं त्या घरात आहेस, तुला साधी रसवांगी येत नाही?"

"येते की. त्यांनीच शिकवली."

तेवढ्यात वासुकीचा फोन वाजला.

"थांब, त्यांचाच आहे. हं आई, बाजारापाशीच उतरते. वांगी आणू ना?... काय?... बरं, बरं."

"काय म्हणाल्या?"

"वांगी नकोत. ती झुकिनीच आण म्हणाल्या, पण कोवळी बघून. परवाची जून होती."