खिशाचा गाऊन

— न्हाई हो रूपाबाई, ती पिशवी राहू द्या आधी, आणि तुमी बसा. त्या स्टुलावर नका, त्याचा पाय हालतो – हां, इथं, मशीनच्या बाजूला. जीप भरल्याबिगर तो डायवर काही हालत न्हाई, चहाच्या टपरीवर उभा हाय, मला इथून दिसून राहिला. तर काय म्हणत होत्या तुमी? सुनेचं डोहाळजेवण हाय, हिरवी साडी आणली, फुलांचा झोपाळा सांगितला, फोटोवाला हिंगोलीवरून येणार – लई चांगलं. तांड्यावर हे पहिलंच म्हणता? मोबाईलवर बघून पोरं ठरवत्यात, खरंय. करा, हौस करा, तुमच्या प्रेमदासचं पहिलं लेकरू हाय. पण मंग पोरगी कुठंय? ब्लाऊज जिला घालायचं ती शिला कुठंय? माप काय तुमचं घेऊ का?

बरं, तिला जीपमधी बसायची तकलीफ होती. सातवा महिना हाय, होत असंल. म्हणून तुमी मापाचं ब्लाऊज आणलं. दाखवा – अहो, हे तर तिच्या लग्नातलं! मीच शिवलेलं, बाहीला ही मोत्याची झालर मीच लावली, ओळखणार न्हाई का मी? लग्नात मी ह्याच्या दोन्ही कुशीला चांगली माया सोडलती – टीपेच्या आत जे जादा कापड ठेवतो आमी, ते. पोरगी तव्हा बी भरल्या अंगाची होती. तुमीच तव्हा म्हणला होता, चतुराबाई, एवढं कापड आत कोंबून वाया काहून घालवता? आता बघा, आतून बघा. कुठंय माया? ही जुन्या टीपेची भोकं दिसत्यात का? ही एक रांग. ही दुसरी. आणि ही शेवटची टीप मशीनची न्हाई, हाताची हाय – लाल कापडाला काळा दोरा. घरात जो सापडला तो घेतला. पोरीनं बसून बसून उसवलं आणि पार काठापर्यंत नेलं, आता सूतभर बी उरलं न्हाई. तुमाला माहीतच न्हवतं? एका घरात राहता, रूपाबाई.

आणि तुमी म्हणता, ह्याच मापाचं शिवा. वरून म्हणता, जरा घट्टच शिवा, फोटोत बारीक दिसंल. रागावू नका, पण मला शिसारी आली ऐकून. मी कोणाला तोडून बोलणारी बाई न्हाई, तुमाला माहिताय, इतक्या वर्षात गिऱ्हाइकाशी आवाज चढवला न्हाई मी – पण सात महिन्याच्या बाईनं बारीक दिसायचं? मंग डोहाळजेवण कशाचं करून राहिल्या तुमी? पोट हाय म्हणूनच ना? पोटाचाच कार्यक्रम, आणि पोटच दिसू द्यायचं न्हाई! त्या झोपाळ्यावर पोरगी बसंल, हात वर करून दोरी धरंल, आणि बगलेतून टर्रकन जाईल सगळं, फुलं-बिलं लावलेली असताना, सगळ्या तांड्यासमोर. मंग काढा म्हणा फोटो.

काय? तयार गाऊन आणलते की तिला? कोणते, ते फ्री साइजवाले? त्या शब्दाचा तर वीट आलाय मला. फ्री साइज म्हणजे कोणाचं साइज, हे कोणी सांगावं मला एकदा. माझं तर न्हाई – मी काय काडी हाय का? तुमचं बी न्हाई. त्या गाऊनला घडी मोडली की रॉकेलसारखा वास येतो, उन्हात घातला की अंगाला चिकटून बसतो, घामोळ्या येत्यात, आणि पुढं ती प्लास्टिकची चेन, ती टोचून टोचून छातीला लाल करती. आणि मोबाईलवर मागवायचे ते तर अजूनच घाण! त्यातला फोटो बघितला का कव्हा? बाई असती वाळलेली, गालफडं बसलेली, आणि पोटाला उशी बांधलेली. उशी! मला दिसतं ना, पोट असं चौकोनी असतं का? ते बघून आमच्या पोरी मागवत्यात, सगळ्यात मोठं माप मागवत्यात, आणि येतं ते खांद्यावरून खाली उतरत न्हाई. का? तर पोट वाढतं तसा दंड बी भरतो, छाती भरती, पाठ रुंद होती, हे त्यांना कोण सांगणार? त्यांना वाटतं बाई म्हणजे खांब, आणि मधी एक फुगा बांधला की झालं. आणि दुकानात जावं तर तिथली तऱ्हा वेगळी. एका पोरीला दुकानातला माणूस गल्ल्यावरून वरडून म्हणला, मॅडम, इस साइज में तो तंबू मिलेगा. भर दुकानात. आणि हसले की सगळे, नवरा बी हसला – म्हणजे त्याला हसावं लागलं असंल, पण हसला. थुंकावं वाटतं मला असल्या हसण्यावर.

तिकडं काय बघून राहिल्या? ते खुंटीवरचं? गाऊनच हाय तो. एका गिऱ्हाइकाचा. हाय एक, तुमाला काय करायचंय नाव. आता तुमी बी हसू नका, रूपाबाई – काय म्हणला? मंडप? मंडप शिवला का म्हणता? बरं, मंडप तर मंडप. हात तर लावून बघा मंडपाला. सुती हाय, दोनदा पाण्यातून काढून मंग कापला, म्हंजे पुन्हा आटायची भीती न्हाई. चुण्या छातीच्या वरून सोडल्या, म्हणून पोटावर कुठं ताण येत न्हाई. बाजूला हे बंद, रोज जेवढं पाहिजे तेवढं ढिलं करता येतं. पुढं चेन न्हाई, बटणं लावली, लेकराला पाजायच्या वेळी हाच कामाला येतो. बगलेचा मुंढा बघा केवढा सोडला, हात वर केला तरी काचत न्हाई. कुशीत माया तर हाताच्या रुंदीची ठेवली, अजून दोन महिने जायचेत. आणि हा खिसा. तुमाला वाटंल, गाऊनला खिसा कशाला, बाजारात बसून चिल्लर ठेवायची का? न्हाई, तिनं मागितला. दुसरं काहीच मागितलं न्हाई पोरीनं. रंग विचारला तर म्हणली कोणता बी चालंल. फुलं पाहिजे का चौकडा, तर म्हणली तुमच्या मनानं घ्या. फक्त खिसा ठेवा म्हणली, मोठा. मी म्हणलं, काहून गं? तर खाली बघून म्हणती, काकू, लोकं बघत्यात तव्हा हात कुठं ठेवावे तेच कळत न्हाई.

ऐकून माझा टेप हातातच राहिला. हात कुठं ठेवावे कळत न्हाई! पोटात लेकरू घेऊन चालणारी बाई, तिनं हात पोटावर ठेवावे, कंबरेवर ठेवावे, डोक्यावर ठेवून नाचावं, आपल्याला काय? पण न्हाई. आपण तिला इतकं बघतो, वरून खालपर्यंत, जशी काय ती बाजारात आणलेली म्हैस – आणि मंग ती घरात बसून राहती. ती बाहेर निघत न्हाई म्हणून आपण म्हणतो आळशी हाय, खाती आणि लोळती. आणि अंगात घालायला कपडा न्हाई म्हणून तपासणीला जात न्हाई, हे कोणी बोलत न्हाई. पाय सुजून राहिलेत, बोट दाबलं की खड्डा पडतो, सकाळी उठली की डोकं फुटतं, मधीच डोळ्यापुढं चमकतं – हे बीपीचं असतं हो, ह्यात आई बी जाती आणि लेकरू बी जातं, सोपं न्हाई ते. पण सांगावं कोणाला? मागच्या वेळी गेली तर रांगेत उभी असताना तो फ्री साइज कुशीतून फाटला, बगलेपासून खाली पार. मागच्या बायांनी तोंडाला पदर लावले. आणि सोबत आलेली सासू काय करती? तर चालायला लागती. पुढं निघून जाती, नळापाशी उभी राहती, ओंजळीनं पाणी पिती, तोंड धुती, पुन्हा पिती, जशी काय ह्या पोरीची नि तिची ओळखच न्हाई. आणि ती पोरगी कुशीवर हात दाबून तशीच त्या रांगेतून उलटी निघाली, तपासणी न करता –

काय?

न्हाई. तुमाला न्हाई म्हणलं मी. असंच आपलं, कोणती बी सासू. नळ काय, नळ सगळ्याच दवाखान्यात असतो. लोकं बोलत्यात, कानावर येतं, दुकान हाय हे, दहा बाया येत्यात – चहा घेता का? टपरीवर आवाज देते मी. घ्या की अर्धा कप.

बरं. बसा. उठू नका, रूपाबाई. हात सोडते, पण बसा.

व्हय. आलती ती. जळो माझं तोंड, मी तिला शब्द दिलता की तुमाला कळू देणार न्हाई. गुरुवारी आलती, तुमी सगळे कापूस वेचायला गेलता तव्हा. तुमच्या गावची आशा वर्कर तिला घेऊन आली. जीपमधी बसली की बराबर, काही तकलीफ झाली न्हाई. अंगात काय घातलं होतं माहिताय? प्रेमदासचा शर्ट. त्याची बटणं लागत न्हवती म्हणून मधी पिना लावलेल्या, वरून ओढणी. मी माप घ्यायला ओढणी काढली तर एक पिन उघडून पोटाला लागलेली, शर्टाला रक्ताचा ठिपका. मी म्हणलं, अगं, तुला लागलं न्हाई का? तर ती पिन काढून पुन्हा लावायला लागली. लागलं होतं की. आणि दंडावर बाहीचे वळ, करकचून दोरी बांधल्यासारखे. मी ते माप घेताना टेप ढिला धरला तर पोरगी म्हणती, काकू, घट्ट धरा ना, जास्त लिहू नका. माझ्या कागदावर बी तिला बारीक दिसायचं होतं! कुठून शिकली असंल ती हे?

तिला बोलू नका. बोलायचं तर मला बोला, इथंच, दारात उभं राहून बोला, माझं काय जातं. पण घरी जाऊन तिला बोलू नका. तिनं तुमच्या नावानं एक शब्द वाईट काढला न्हाई. नळाचं बी मी खोदून खोदून विचारलं तव्हा निघालं. आणि वर म्हणती कशी – सासूबाई बी काय करतील, त्यांना बी लाज वाटली असंल ना. ऐकलं का? तुमची बाजू घेऊन राहिली ती! शर्टाला रक्त लागलेलं, पाय टम्म सुजलेले, आणि तुमची बाजू घेऊन राहिली. मला किळस आली ती तिथं. दुकानवाल्याचं सोडा, रांगेतल्या बायांचं सोडा, ते परके. पण त्या पोरीला वाटून राहिलं की तुमी केलं ते बराबर. तुमच्या जागी असती तर तिनं बी तेच केलं असतं, असं वाटतं तिला.

रडू नका. आता रडून काय, ते बी मला बघवत न्हाई. डोळे पुसा, हा रुमाल न्हाई हो, हे अस्तराचं कापड हाय, राहू द्या, पुसा त्यानंच.

ऐका. उद्या तपासणीचा दिवस हाय. ती जाणार होती, हाच गाऊन घालून, तुमी शेतात गेल्यावर. सकाळी आशा वर्कर येऊन गाऊन नेणार होती, अंगणवाडीतच बदलून पुढं जाणार होत्या दोघी. चोरून! औषधाला चोरून जायचं, पोटात तुमच्याच घरचं लेकरू घेऊन. आता तुमाला कळलं, तर आता तुमीच न्या तिला. रांगेत तिच्या बाजूला उभ्या राहा. डोकं दुखतं, डोळ्यापुढं चमकतं, हे डॉक्टरला ती सांगणार न्हाई, तिला लाज वाटंल – तुमी सांगा, मोठ्यानं सांगा. आणि दवाखान्यातून येताना तिला इथं आणा. तिच्या अंगावर टेप लावून माप घेईन आणि असं ब्लाऊज शिवीन की झोपाळ्यावर बसून दोन्ही हात वर करंल ती. हे लाल ब्लाऊज मापाला मी घेत न्हाई. हे न्या. दुसऱ्या टेलरकडं जाता? जा की. सेनगावात टेलर लई हायेत, बसंल कोणीतरी ह्या मापाचं शिवत. मी बसणार न्हाई.

डायवर हात करून राहिला, भरली तुमची जीप. थांबा, हे राहिलं – हा खुंटीवरचा मंडप. घ्या. तुमच्याच घरचा हाय.

पिशवीत कोंबू नका, चुण्या मोडत्यात. असाच न्या हातावर. दोन्ही हातांनी धरा, लोळंल खाली. … खिशात काय बघता? रिकामा हाय. … खोल हाय, व्हय. तिनंच सांगितलं तेवढा.

जीपमधले विचारतील म्हणता? विचारणारच. एवढा मोठा गाऊन कोणाचा म्हणून विचारतील, हसतील बी. मंग तुमी काय सांगायचं ते तुमी ठरवा. जीपमधी नळ नसतो, रूपाबाई.

निघा.