मेसियासचं छप्पर

—नाही गं पोरी, तो धूर नाही, नुसता ढग आहे. गाडी यायला वेळ आहे अजून, टेक इथं. हे घे कणीस, चीजबरोबर खा, चटणी जपून. आमची आई—हा ज्वालामुखी गं, तुंगुराहुआ, आम्ही आईच म्हणतो—रागावली की आधी तावदानं खडखडतात, कुत्री पलंगाखाली शिरतात. आता काही खडखडतंय? मग! खा निवांत.

त्या वर्षी मात्र खडखडलं. भरदुपारी काळोख—कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्या, झोपायची वेळ झाली म्हणून! वरून राख, मधूनच अक्रोडाएवढे दगड, टणाटण पत्र्यावर. सैनिकांचा ट्रक आला, चला म्हणाले. म्हटलं, माझी गाय? म्हणाले, आधी माणसं. मी गायीच्या गळ्याला मिठी मारून बसले—नाही येत जा! तेव्हा हा मेसियास आला—शेजारचा गवंडी, त्याची बायको कधीच गेलेली, माझाही नवरा वारलेला, पण आमचं तसं काही नव्हतं हं, नुसतं 'काय, कसं काय' एवढंच—तोंडाला ओला फडका, दरोडेखोरच जसा. म्हणाला, "एर्लिंदाबाई, गाय मी चालवत आणतो, तुम्ही चढा ट्रकात. तुम्ही मेलात तर हिचं दूध कोण काढणार? मला लाथा मारते ती!" आणि आणली की! वाटेत दरीतून राखेच्या चिखलाचा लोंढा आला, पूलच घेऊन गेला, हा गायीसकट वळसा घालून आला. आम्ही सगळे शाळेत, छावणीत. दारात बघते तर गाय कुठली नि माणूस कुठला कळेना, दोघंही करडे! मी हसत सुटले—हसता हसता रडू कसं आलं कुणास ठाऊक. राख गेली असेल डोळ्यांत.

कांदा गेला, पीच गेले, राखेतलं गवत खाऊन गुरांचे दात झिजले, लेकरं खोकून बेजार. पण खरी वैरीण कोण? छपरावरची राख. कोरडी आहे तोवर ठीक, भिजली की सिमेंट! वर गावात जायची परवानगी मिळाली, तशी फावडं घेऊन मी पोचले, तर मेसियास माझ्या छपरावर! ओरडले, "अहो, तुमचं घर पलीकडे!" "माहीत आहे की," म्हणाला, आणि राख ओढत राहिला. तेवढ्यात पाऊस. आणि त्याचं छप्पर—धाडकन्! आमच्या डोळ्यांदेखत. हा माझ्या पत्र्यावर बसून पाय हलवतोय. "अहो मेसियास, हे काय करून बसलात?" तर म्हणतो, "तिथं काय, मी एकटाच होतो. इथं तुम्ही राहता."

मग काय, माणसाला पावसात ठेवायचं? म्हटलं, राहा छप्पर होईस्तोवर. तात्पुरतं. हसू नकोस! झाली काही वर्षं, म्हणून काय झालं? लोकांची घरं बांधतो, स्वतःचं तेवढं राहतं. म्हणजे—तो निघतो गं, पण तो निघाला की मलाच नेमकी कामं आठवतात. कुंपण पडलंय, चुलीला भेग गेलीय. काल म्हणाला, माझ्या छपराचे पत्रे आणायला जातो तालुक्याला. गेला, मुक्कामाला राहिला. माझा डोळ्याला डोळा नाही. घोरतो ना तो, ते ऐकल्याशिवाय आता—जाऊ दे. खा तू.

थांब. तो टेंपो... पत्रेच आहेत. आणलेच मेल्यानं! अहो मेसियास! तुमच्या घराकडं वळवा की टेंपो, इथं काय थांबताय?—काय? मोठ्यानं बोला!—कुणाचं स्वयंपाकघर गळतंय?

ऐकलंस? 'आपलं' म्हणाला. माझं नाही, तुमचं नाही—'आपलं स्वयंपाकघर'. ऐकलंस ना तू?

ऊठ बाई, ऊठ, रस्त्याकडेला उभी राहा, येईल तुझी गाडी. पत्र्याचं दुसरं टोक धरायला माणूस लागतं.