पतंगवाल्यांचं सिम

…आणि वर मलाच विचारतात, 'आमच्या सेवेबद्दल समाधानी असल्यास एक दाबा'! एक दाबा? अहो, कुणाचा गळा दाबू ते सांगा, दोन्ही हातांनी दाबते! आणि समाधानी नसल्यास काय दाबायचं ते सांगतच नाहीत हं, लगेच बासरी सुरू! मी इकडे रडतेय, मुसमुसून रडतेय, आणि तिकडे बासरी! त्याच क्षणी ठरवलं, तुम्हाला सांगते, सूड म्हणजे सूड! या पतंगवाल्यांना सोडायचं म्हणजे सोडायचंच.

पतंगवाले म्हणजे आमची फोनची कंपनी हो. जाहिरातीत सारखा एक पतंग उडत असतो, म्हणून. आता कटणं हाच ज्याचा धर्म, ते चित्र फोनच्या कंपनीनं निवडावं? निदान प्रामाणिकपणा म्हणा!

माझी नोकरी घालवली यांनी. म्हणजे… मिळालेली नव्हती, पण मिळता मिळता गेली, ते जास्त लागतं ना! शाळेची पुस्तकं छापणारं एक प्रकाशन आहे, तिथे मुद्रितशोधकाची जागा. छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधायच्या. मला दुसरं येतं काय? लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा मी आधी चुका बघते, मग नवरा-नवरी. तर मुलाखत फोनवर. आणि आमच्या घरात पतंगवाल्यांची रेंज येते एकाच जागी. वॉशिंग मशीनवर. शेजारी नाही, वर! मांडी घालून बसायचं, मान खिडकीकडे, उजवा कान आकाशाला.

वहिनीला म्हटलं, "वहिनी, आज मशीन नको ना लावूस." तर म्हणते, "तुझ्या मुलाखतीपायी मी चादरी तशाच भिजत ठेवू? बस की तू वर, मी कुठे नको म्हणतेय?"

म्हणून मी वर आणि खाली चादरी गरगर! संपादकबाई विचारतायत, "शिक्षण?" आणि मी, "ए-ए-एम-ए-ए…" बाई म्हणाल्या, "थंडी वाजतेय का तुम्हाला?" मग त्यांनी विचारलं, "हे बघा, आमच्याकडे काम दगदगीचं असतं. जमेल?" मी छाती भरून श्वास घेतला, आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता म्हणाले, "मॅडम, दगदगीचं काम मला मुळीच…"

कट!

पुढे 'जड वाटत नाही' होतं हो! पण ते राहिलं माझ्या तोंडात, आणि बाईंच्या कानात गेलं 'मुळीच'! रडत रडत कंपनीला तक्रारीचा फोन लावला, तर ती बासरी! सांगा, सूड घ्यायचा नाही तर काय पापे घ्यायचे? तीन मेल लिहिल्या मी, गयावया केली. पाचव्या दिवशी उत्तर आलं, 'पुढच्या शुक्रवारी अकराला एकदाच फोन करू.' एकदाच! म्हणजे तेवढ्यात नवी कंपनी शोधायची, नंबर तोच ठेवून उडी मारायची, आणि शुक्रवारी अकराला माणसासारखं खुर्चीवर बसून बोलायचं.

वही काढली. पट्टीनं रकाने आखले. एकीकडे ससेवाले, दुसरीकडे छत्रीवाले. त्यांच्या जाहिरातीत ससा आणि छत्री, दुसरं काय! सगळे स्वस्तातले प्लॅन उतरवून काढले. आणि काय सांगू तुम्हाला, माझ्यासारखीनं ते बारीक टायपातलं वाचू नये, झोप उडते! महिना म्हणजे किती दिवस? अठ्ठावीस! छत्रीवाल्यांचा चोवीस! 'दिवसभर मोफत', तर दिवस कुठला? पहाटे दोन ते पाच! एका ठिकाणी ठळक अक्षरांत 'अमर्याद', त्याच्या डोक्यावर चांदणी, त्या चांदणीचा माग काढत गेले तर पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत, 'अमर्याद म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत.' आणि त्या 'मर्यादेपर्यंत'वर अजून एक चांदणी! तिचं स्पष्टीकरण कुठेच नाही!

पण नुसत्या कागदावर विसंबणारी नाही मी. चाचणी घेतली. शेजारच्या शिवणवाल्या काकू छत्रीवाल्यांच्या, त्यांना बोलावलं. "काकू, जरा मशीनवर चढता का?" काकू म्हणाल्या, "अगं, माझे गुडघे!" पण चढल्या बिचाऱ्या, पदर खोचून. खिडकी उघडली की आवाज यायचा, लावली की जायचा. छत्रीवाले बाद! मग वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडे ससेवाल्यांचं सिम. डॉक्टर पांढरा कोट घालून आमच्या घरभर फिरतायत, कानाला फोन, दुसऱ्या टोकाला त्यांची कंपाउंडर. "हॅलो, आता मी स्वयंपाकघरात आहे… आता पलंगाखाली वाकलोय… ऐकू येतंय?" सगळीकडे येत होतं! माळ्यावरसुद्धा! डॉक्टर खाली उतरताना म्हणाले, "तुमची अक्कलदाढ दाखवून जा एकदा." ते का म्हणाले कोण जाणे.

ठरलं! ससेवाले! कंपनी बदलण्याचा मेसेज पाठवला, अर्थात मशीनवर बसून, आणि पतंगवाल्यांसाठी भाषण लिहायला घेतलं. कारण ते असे सुखासुखी सोडत नाहीत म्हणे, फोन करून विचारतात, का चाललात? विचारा ना! मी वाटच बघत होते! चार पानी भाषण. पहिल्या पानावर 'निर्लज्ज', दुसऱ्यावर 'तळतळाट', तिसऱ्यावर सबंध बासरी. तीनदा तपासलं, एक वेलांटी चुकीची नाही. सूड म्हणजे सूड, तोही शुद्धलेखनाचे नियम पाळून!

आता एक सांगायचं राहिलं. मी जरा दचकते. आणि दचकले की माझ्या तोंडून एकच निघतं, "हो, चालेल." पार्लरवालीनं मागून येऊन विचारलं होतं, "कानापर्यंत कापू?" हो, चालेल! दोन वर्षं लागली केस वाढायला. म्हणून वहिनीनं तालीम घेतली. चमचा कानाला लावून ती कंपनीची बाई झाली. "मॅडम, थांबता का आमच्याकडे?" मी म्हटलं, "हो, चालेल." वहिनीनं तोच चमचा माझ्या डोक्यात घातला. "नाही म्हणायचं, नाही! एवढंसं 'नाही' म्हणता येत नाही तुला?" बावीस वेळा घोकून घेतलं.

मंगळवार. मी स्वयंपाकघरात भांडी घासतेय, भाषण मशीनवर, फोन ओट्यावर. जिथे गेल्या चार वर्षांत एक हॅलो पोहोचला नाही, त्या ओट्यावर फोन वाजला! खणखणीत! मी किंचाळले, कढई सुटली, साबणाच्या हातानं उचलला. आणि आवाज काय स्वच्छ हो! जणू बाई माझ्या पाठीमागे उभी राहून बोलतेय. वयस्कर, मऊ, मावशीसारखा आवाज.

"काय गं बाळा, केवढ्यानं दचकलीस! लागलं नाही ना?"

पतंगवाल्यांची बाई! आणि मला विचारतेय लागलं का! मी मनात म्हणतेय, निर्लज्ज, निर्लज्ज… ती म्हणाली, "नऊ वर्षं आमच्याकडे आहेस. आता चाललीस, वाईट वाटतं गं. तुझी विनंती रद्द करू का? डेटा दुप्पट देते, फुकट. फक्त वर्षभर आमच्याकडेच राहायचं. चालेल?"

तुम्हीच सांगा काय झालं असेल.

"आणि सोबत छानशी कॉलर ट्यून, चालेल?"

"हो, चालेल."

तेवढ्यात धावत आली वहिनी, हातात चार पानं फडफडवत, "नाही म्हण! नाही म्हण!" आणि मी घसा फोडून ओरडले, "नाहीऽऽऽ!"

कट! नेमका तेव्हा कट!

वहिनी आजतागायत माझ्याशी सरळ बोलत नाही. दादा तर ऑफिसातून मुद्दाम फोन लावतो, ती कॉलर ट्यून ऐकायला. एक तान्हं बाळ खिदळतं आणि म्हणतं, 'उचल ना गं लाडके!'

शुक्रवारी अकराला मी मशीनवर. चादरी नव्हत्या, तेवढी दया केली वहिनीनं, पण दारात उभी राहिली, हातात तोच चमचा. फोन वाजला. संपादकबाईंचा आवाज अगदी गार. "तुम्हाला फोन लावला की ते लाडके-बिडके काय आहे?" मी दचकले. "हो, चालेल." बाई म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्ही 'मुळीच' म्हणून फोन आपटलात. आता स्पष्ट सांगते. काम दगदगीचं. पगार बेताचा. शनिवारीही यावं लागेल. चालेल?"

चमचा वर गेला होता वहिनीचा! पण माझ्या तोंडून ते कधीच निघून गेलं होतं. मिळाली! नोकरी मिळाली हो! मी मशीनवरून उडीच मारणार होते, सूडबीड सगळं विसरून, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आणखी एक. कामासाठी सगळ्यांना ऑफिसचंच सिम वापरावं लागतं. पतंगवाल्यांचं आहे. तीन वर्षांचा करार झालाय. चालेल ना?"

…आता माझ्याकडे दोन आहेत.