आबांच्या सायकलीला आखाजीचं तेल

मी शहाद्याची. जन्म इथला, आणि आता मरण पण इथलंच. लोणखेड्याकडे जाताना डाव्या हाताला निंबाच्या झाडाखाली पत्र्याचं सायकलचं दुकान दिसतं ना, तेच आपलं. घरात आम्ही अहिराणी बोलतो, तुमच्याशी बोलायला शाळेतली मराठी काढते, ती अर्धी जमते अर्धी राहते, तुम्ही येईल तसं लिहा भाऊ, धुऊन-पुसून घेऊ नका. माझं नाव सुमन. दुकान आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. माझा नवरा लवकर गेला, पोरगी कडेवर, मी माहेरी आली आणि आबांनी काही न बोलता माझ्या हातात पाना दिला. गल्ली बोलली, बाईमाणूस पंक्चर काढतं, आता काय काय पाहायचं. आता त्याच गल्लीची नातवंडं माझ्याकडे हवा भरायला येतात, मी भरून देते.

तर ती सायकल. आबा तरणे होते तेव्हा चिंचपाड्याकडे कोणी परदेशी पाहुणा राहायचा, तो कायमचा आपल्या देशी परत निघाला, जाताना आबांना त्याची रेसची सायकल देऊन गेला. पोलादी, बारीक नळ्यांची, वाकड्या मुठीची, एका हाताने उचला. आबा तिच्यावरून नंदुरबारला जायचे आणि जेवायला परत यायचे, असं माय सांगते. माय म्हणजे माझी आई, अजून आहे, दात गेले पण जीभ आहे. आबा गेले आणि सायकल दुकानात आकड्याला टांगली ती टांगली. विकायची का म्हणून किती जण विचारून गेले, एकाला तर मी पाना फेकून मारणार होती.

आता तुम्हाला आखाजी माहीत आहे ना? बाकी ठिकाणी अक्षय तृतीया म्हणतात आणि सोनं घेतात. आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे लेकीचा सण. सासरवाशीण माहेरी येते, झोके खेळते, आणि त्या चार दिवसांत ती जे मागेल त्याला नाही म्हणायचं नसतं. माझी पोरगी, कल्पना, नवापूरकडे दिली आहे. लग्नाच्या आधी ती शर्यतीत सायकल चालवायची, कॉलेजच्या भिंतीवर तिचा फोटो होता. मग लग्न, मग लेक झाली, सायकल सुटली. सासरचे वाईट नाहीत हो, पण कोणाच्या ध्यानातच येत नाही की हिला काही पाहिजे असेल. तर होळीला तिचा फोन, आई, आबाजीनी सायकल माले तयार करी दे, आखाजीले मी तोरणमाळ चढसू. मी म्हटलं तुले येड लागनं का, लेक लहान, ऊन कसलं, आणि तो सातपायरीचा घाट. तर ती काय म्हणते, आखाजीले नई म्हनतस का कोनी? झालं. सायकल आकड्यावरून उतरवली.

सामान तिने मोबाईलवरून मागवलं, पार्सलवर पार्सल. नवी चाकं ॲल्युमिनियमची, मागे अकरा चक्रांचा गिअर, ब्रेक आणि गिअर एकाच मुठीत. सुंदर वस्तू, खोटं कशाला बोलू. पण बसेना ना! आबांच्या सायकलला मागे पाचच चक्रं होती, चिमटा अरुंद, म्हणजे चाक जिथे दोन नळ्यांमध्ये बसतं ती जागा, आणि नवं चाक रुंद. एकच उपाय, चिमटा फाकवायचा. थंडच, आग न लावता. मी आट्याची, म्हणजे पेच पाडलेली सळई घेतली, दोन नट लावले, आतून बाहेर दाबत गेली, थोडं फिरव, थांब, कान लाव, परत फिरव. पोलाद कुरकुरलं की मी थांबायची. आबांची हाडं मोडते आहे असं वाटायचं. मग दोरा लावला, पुढच्या टोकापासून मागे दोन्ही बाजूंनी, मधल्या नळीपासून अंतर सारखं आलं पाहिजे, आलं. नवं चाक सरकून बसलं. तरी धास्ती गेली नाही. उतरणीला चिमटा तडकला तर? झोपेत पण तेच. दुसऱ्या कशाचा विचारच नाही केला मी.

एका गोष्टीवर मात्र भांडली. तिला बूट अडकून बसतात तसले पेडल पाहिजे होते. मी म्हटलं घाटात पाय मोकळा पाहिजे, अडकलेला पाय म्हणजे बांधलेली म्हैस. ती फुगली, आई तुले काही समजत नई, आजकाल सगळे तेच वापरतस. मी साधे पेडल लावले आणि तिचे डब्यात टाकून डबा कुलपात ठेवला. आदल्या दिवशी ब्रेक मीच तपासले, दाबला की चाक जागच्या जागी. फक्त तिला सांगून ठेवलं, ब्रेकचे रबरी गुटके नवे आहेत, सुरुवातीला कमी धरतील, घाबरू नको, घासले की धरतील. हे माझं बोलणं ध्यानात ठेवा.

आखाजीच्या दिवशी ती उजाडताना निघाली. मी चुलीपाशी, तिच्यासाठी सांजोऱ्या बांधत होती. मायने दारात सायकलला हळद-कुंकू लावलं, पोरीची दृष्ट काढली, आणि गेली पोरगी, म्हसावदच्या रस्त्याने, मागे वळून पण नाही पाहिलं. तिची लेक झोळीत झोपलेली. मग मी आमरसाच्या, पुरणाच्या कामाला लागली. आखाजीला पितरांची घागर पुजतात ना, आबांची घागर भरायची होती. मायने घागर पुसायला फडकं घेतलं आणि मला शेंगदाण्याच्या तेलाचा वास आला. फडकं भिजलेलं, तेलाने चिप्प. मी विचारलं, माय, हे कशाचं? तर ती हसून म्हणते, चाकस्ले तेल लाई दिधं व, फिराई फिराई लायं, देख कशी चकचक करी ऱ्हायनी व्हती, तुन्हा बापनी सायकलले मी दर सणले लावू.

काय सांगू तुम्हाला. हातातलं पुरण हातातच राहिलं. रीमला तेल, म्हणजे ब्रेकचे गुटके जिथे धरतात तिथेच तेल. आबांची जुनी चाकं लोखंडाची, चकाकीची, गंजू नये म्हणून लावत असेल, पण ॲल्युमिनियमला कुठला गंज! सपाटीला कळणार नाही, चढताना ब्रेक लागतच नाही, आणि जरा कमी धरला तरी ती म्हणणार, आईने सांगितलं होतं, गुटके नवे आहेत. माझंच बोलणं तिला वरपर्यंत घेऊन जाणार, आणि वरून खाली सातपायरी. कल्पनाला फोन लावला, लागेना. परत लावला, लागेना, डोंगरात कुठली रेंज. म्हटलं माय, झोळीतल्या पोरीला बघ, मी आली, आणि स्कूटी काढली. हात पुरणाने भरलेले, तसेच मुठीला चिकटले.

म्हसावद गेलं, राणीपूर गेलं, ऊन डोळ्यात घुसत होतं, वारा पण गरम. मी मोठमोठ्याने बोलत होती, एकटीच. कल्पे खाली उतरू नको, वरच थांब, तळ्यावर बस, फोटो काढ, तुला काय करायचं ते कर पण उतरू नको. आबांना शिव्या दिल्या, मला दिल्या, त्या पार्सलवाल्याला दिल्या. देवाला म्हटलं, तिची लेक घरी झोळीत आहे, बाकी मी काही सांगत नाही, तुला दिसतं. घाट लागला. एक म्हातारा मोहाच्या झाडाखाली बसलेला, डोंगरातलाच, त्याची बोली मला येत नाही, माझी त्याला. मी हाताने सायकल दाखवली, पोरगी दाखवली. त्याने बोट वर केलं. मग मी बोट खाली करून मान हलवली, खाली आली का? त्याने मानेनेच नाही म्हटलं. जिवात जीव आला, पण अर्धाच.

तिसऱ्या वळणावर असेन. आधी वास आला, रबर जळाल्याचा. मग आवाज, खर्रर्र. आणि वरच्या वळणावरून ती आली भाऊ, माझी पोरगी, दोन्ही मुठी दाबून पांढऱ्या झालेल्या, आणि एक पाय पेडलवर नाहीच, पुढच्या टायरवर, बुटाचा तळ गच्च दाबलेला. आई, ब्रेक लागी नई ऱ्हायना, बाजू व्हय! ही एवढीच हाक. पलीकडे दरी, अलीकडे डोंगर. मी स्कूटी लोटून दिली आणि ओरडली, खडी, खडीवर घाल! रस्त्याच्या कामाचा खडीचा ढीग होता डोंगराच्या अंगाला. तिने घातली. चाक रुतलं, ती उडाली, पडली, आणि सगळं शांत. मग ती ढिगातून म्हणाली, आई, आबाजीनी सायकलले काय व्हयनं देख. मी गेली आणि आधी तिला एक चापट मारली आणि मग मिठी मारून इतकी रडली की तीच मला समजवायला लागली.

गुडघा सोललेला, कोपर सोललेलं, बुटाचा तळ वितळून गेलेला, बाकी धड. आणि चिमटा? ज्याची मला रात्रंदिवस धास्ती, त्याला ओरखडा नाही. लहानपणी बिनब्रेकच्या भाड्याच्या सायकली आम्ही पोरं टायरवर चप्पल दाबून थांबवायचो, ते मीच तिला शिकवलं होतं दुकानापुढे, आणि माय बोलायची पोरीले काय येडं शिकाडी ऱ्हायनी. त्या अडकवायच्या पेडलमध्ये पाय असता तर, नको, पुढचं बोलत नाही मी.

तिने रीमवरून बोट फिरवलं, हुंगलं. शेंगदाणा तेल, म्हणाली. मी म्हटलं, माझ्याच हातून लागलं असेल, चेनला लावताना. ती म्हणाली, चेनले तू शेंगदाणा तेल कधीपासून लावस? मग तिलाच कळलं.

जवळच एक झोपडी होती, तिथल्या बाईने पाणी दिलं, मी चुलीतली राख मागितली. राख घेऊन रीम घासायला बसली आणि हात एकदम थांबला. मला आबा दिसले. दर सणाला, पूजा झाली की दुपारी दुकानात बसून सुकं फडकं आणि राख घेऊन चाकं घासत बसायचे. मी कितीदा पाहिलं, मला वाटायचं, म्हातारा नुसता बसत नाही, काही ना काही घासत बसतो. पूर्ण घाट आम्ही पायी उतरलो, मी स्कूटी बंद करून, ती सायकल हातात धरून. खाली आल्यावर ब्रेक दाबून पाहिले दहा वेळा, मग तिला बसू दिलं.

घरी आलो तर माय झोळी हलवत बसलेली. पहिला प्रश्न, चाक हलकं चालनं ना व? मी कल्पनाकडे पाहिलं. कल्पना हसली आणि म्हणाली, सायकल उडतच गयी व आजी. माय खूश. मग तिची नजर खाली गेली, कल्पनाच्या वितळलेल्या बुटावर. ती वळून घागरीशी गेली. घागरीवर आंबा ठेवला, आगारीवर, म्हणजे पितरांच्या निखाऱ्यांवर, घास टाकला, आबांच्या नावाने हात जोडले.

पानं वाढून झाली तेव्हा माय माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, तुन्हा बाप पुशी टाके. मी म्हटलं, काय? तर म्हणते, तेल. मी लावू आन् तो राखघाई पुसे, माले माहीत व्हतं. मी नई म्हनी नई, त्यानी बी नई म्हनं नई. माले वाटनं तू पुसशी. तुले त्यानी सांगं नई का?

नाही सांगितलं, माय, मी म्हटलं. कोणी नाही सांगितलं. तेव्हा ती रडली, पदर तोंडाला लावून, आवाज न करता. मी आणि कल्पनाने तिला मध्ये घेतलं, आणि आमरस तसाच राहिला, माशा बसल्या.

आता कल्पना दर आखाजीला येते आणि घाट चढते. तिचा नवरा पण जीपने मागे येतो, म्हणतो सासूबाई तुम्ही घरी राहा. सायकल तीच, आबांची. मायला आता नीट दिसत नाही, चाचपडत चाक शोधते, मी तिचा हात रीमवर नेऊन ठेवते. म्हणते, लाव. ती लावते, फिरवून फिरवून, सगळं चाक. मी समोर राखेचं ताट घेऊन बसलेली असते. तिचं लावून झालं की मायच म्हणते, आते तू पूस.